कॉपीबहाद्दर शिवडे

तुम्हा दोघांचा एक गैरसमज आहे की आजी चुकत नाही. तो तुमच्या मनात मीच भरवला. तुमच्या ईमेलमधल्या चुका मी लाल अक्षरांत दुरुस्त करून परत पाठवते, आणि फोनवर तुम्ही 'आई आणि मी' म्हणायच्या ऐवजी 'मी आणि आई' म्हणालात की खोकते. पण या वर्षी मी एक चूक केली. ती माझ्या अक्षरात लिहिलेली, रकान्यांत बसवलेली आणि पट्टीने आखलेली होती. तुम्हाला ती दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

धाकट्याने मागे व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे शार्क असतात का?" मी म्हटलं, "नगर जिल्ह्यात? नकाशा बघ आधी." आणि पाच मिनिटं भूगोल शिकवला. पुढच्याच महिन्यात मला कळलं की आपल्या गावाखाली, गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्यात, शिवडा नावाचा मासा आहे आणि इंग्रजी पुस्तकांत त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणतात. लांबलचक अंग, रुंद जबडा, आत बारीक दातांच्या रांगा, आणि हेडमास्तरांसारख्या मिशा. बाकीचे मासे खाऊन जगतो. मी मासे खात नाही, त्यामुळे त्याची आणि माझी ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. ती करून दिली तात्यांनी.

तात्या म्हणजे आपल्या गावच्या मच्छीमार सोसायटीतले सगळ्यांत जाणते. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. त्या बुडीत गावठाणात अजून दगडी भिंती उभ्या आहेत आणि शिवडे त्या भिंतींच्या आडोशाला राहतात, पावसाळ्यात अंडी घालायला तिथूनच वर चढतात, असं तात्यांचं म्हणणं. म्हणून दोन वर्षं त्यांनी आपल्या माणसांना तिथे धंद्याचं जाळं टाकू दिलं नव्हतं. पण बाहेरची माणसं बारीक भोकाची जाळी घेऊन यायची आणि खुशाल मासे ओढून न्यायची. आपली तरुण मंडळी कुरकुरायला लागली, की आपण उपाशी राहायचं आणि दुसऱ्यांनी जेवायचं, हे किती दिवस? तात्यांनी त्यांना शब्द दिला: सरकारकडून ती जागा सगळ्यांसाठीच बंद करून आणतो, आणि येत्या पावसाळ्याच्या आत नाही आणली, तर मीही कुणाला अडवणार नाही.

सरकार म्हणालं, पुरावा द्या. तेच शिवडे तिथेच राहतात, हे कशावरून?

तेव्हा एका मत्स्य महाविद्यालयातली संशोधक मुलगी आली. तिने सोप्पी योजना काढली. आठवड्यातून एकदा आपल्या तीन होड्यांनी पाळीपाळीने गावठाणात जाळं लावायचं, सापडलेला शिवडा मोजायचा, त्याच्या पाठीच्या पराजवळ नंबरचा पिवळा बिल्ला टोचायचा, आणि त्याला जिवंत सोडून द्यायचं. चिठ्ठीवर तारीख, होडी, लांबी आणि बिल्ल्याचा नंबर लिहायचा. चिठ्ठ्या कुणीतरी नीट वहीत उतरवायला हव्या होत्या. तात्या माझ्याकडे आले.

"बाई, गावात तुमच्यावानी अक्षर कुनाचं न्हाई."

असं कुणी म्हटलं की मी काहीही कबूल करते, हे तुमच्या आजोबांनी लग्नानंतर आठवड्याभरात ओळखलं होतं.

दिवाळीनंतर देवळाच्या सभामंडपात त्या मुलीने सगळ्यांना काम समजावून दिलं. मी पहिल्या रांगेत खुर्ची घेऊन बसले होते. तिने वाटलेल्या कागदावर रकाने वाकडे आले होते, दोन तर एकमेकांवर चढले होते. ते बघून मला राहवेना. पर्समधून पट्टी काढली आणि नवा तक्ता आखायला घेतला. ती बोलत होती, मी आखत होते. तिने काय सांगितलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण रकाने झकास आले होते. शेवटी तिने विचारलं, "सगळ्यांना समजलं ना?" सगळ्यांत मोठ्याने "हो" मी म्हणाले.

काम सुरू झालं. दर शुक्रवारी चिठ्ठ्या यायच्या. ओल्या, चुरगळलेल्या, खवले चिकटलेल्या. त्यांचा वास सांगत नाही. मी त्या चिमट्यात धरून वहीत उतरवायची, ओळ तपासायची, आणि मग लगेच न्हाणीघरातल्या बंबात टाकायची. स्वच्छ वही घरात असताना घाण कागद कशाला ठेवायचे?

संक्रांतीच्या आसपास मला एक गोष्ट खटकली. पहिल्या होडीच्या चिठ्ठीवर जो नंबर होता, तोच महिन्याभराने तिसऱ्या होडीच्या चिठ्ठीवर. मग दुसरीच्या. पुन्हा तिसरीच्या. आता, मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी परीक्षेच्या वर्गात फिरण्यात घालवली. दोन पेपरांत एकच उत्तर दिसलं की माझ्या कानामागे काहीतरी वाजायला लागतं. शिवाय तिसऱ्या होडीचा मालक माझा जुना विद्यार्थी. आता चाळिशीचा आहे, दोन मुलांचा बाप. पण नववीत मी त्याच्या मोज्यातून निबंध काढला होता, आणि मी काही विसरत नाही.

मी लांब्या ताडून पाहिल्या. तोच नंबर, पण लांबी थोडी वाढवून लिहिलेली. झालं, माझी खात्रीच पटली. कॉपी करणारी मुलं अगदी हेच करतात. पकडले जाऊ नये म्हणून मध्ये एक-दोन शब्द बदलतात.

मी अशा सगळ्या ओळी गाळून वही नव्याने उतरवून काढली. कामात चोख असल्यामुळे वहीच्या मागच्या पानावर एक स्वतंत्र यादीही केली: तारीख, होडी, नंबर, आधी लिहिलेली लांबी, वाढवलेली लांबी. वर मथळा दिला, 'नक्कल करणारे'. योग्य वेळी त्या मुलीला दाखवायची म्हणून.

होळीच्या आधी मी सगळ्यांना सभामंडपात बोलावलं. आठ-दहा पुरुष मांडी घालून बसलेले, तात्यांची सून खांबाशी. तात्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या होडीवर वल्हं मारायचं आणि चिठ्ठी लिहायची ही दोन्ही कामं तिची. मी उभी राहिले.

"सरकारी कामात फसवणूक चालत नाही," मी म्हणाले. "मासा सापडला नाही तर 'नाही' लिहा. जुना नंबर उतरवून द्यायचा नाही. मला कळतं."

मग माझा विद्यार्थी म्हणाला, "पन बाई, मासा त्योच असला तर?"

"तोच?" मी म्हटलं. "एवढ्या पाण्यात तोच मासा तुम्हाला चार वेळा कसा सापडेल? त्याला काय तुमच्या जाळ्याची सवय लागली?"

"राहायला तितंच हाय ना, बाई—"

"बस खाली."

तो बसलेलाच होता. तरी जरा आणखी बसला.

तात्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाई शिकल्याल्या हायत. म्हन्त्यात तसं करा."

त्यानंतर जुना नंबर एकदाही आला नाही. दर शुक्रवारी नवे नंबर, नाहीतर 'नाही'. मला किती समाधान वाटलं म्हणून सांगू. संक्रांतीनंतर मी दर महिन्याला वहीच्या पानांचे फोटो त्या मुलीला मोबाईलवर पाठवायची. एकदा तिने विचारलं, "आजी, पुन्हा तोच नंबर एकदाही नाही?" मी उलट लिहिलं, "एकदाही नाही. मी लक्ष ठेवून आहे." तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं, आभार मानतेय.

मे महिन्यात मत्स्य विभागाचे साहेब आले. पाणी उतरलं होतं, जुन्या गावच्या भिंतींची टोकं वर दिसत होती. सभामंडपात सतरंजी, साहेबांना खुर्ची, मला खुर्ची. संशोधक मुलगी वही हातात घेऊन उभी राहिली. पोरीचा चेहरा पडलेला होता.

"मच्छीमारांनी काम मनापासून केलंय," ती म्हणाली. "पण बिल्ला लावलेला एकही शिवडा परत सापडलेला नाही. याचा अर्थ मासे इथे राहत नाहीत. येतात आणि निघून जातात. मग हीच जागा बंद करा, असं मला म्हणता येत नाही."

साहेबांनी मान हलवली. "तेच तर पाहायचं होतं. बिल्ला त्यासाठीच असतो."

बिल्ला त्यासाठीच असतो. बाळांनो, मी एम.ए. आहे. हे वाक्य कानात शिरून डोक्यापर्यंत पोचायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तात्या उभे राहिले होते.

"निघून जात्यात?" ते म्हणाले. "सायेब, एक शिवडा तर माज्या हातात तीनदा आला. घरचं कुत्रं येतं तसा."

"मग लिहिलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

तात्या खाली बसले. त्यांची सून पदराशी चाळा करत राहिली. माझ्या विद्यार्थ्याने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मोज्यातला निबंध निघाला तेव्हाही त्याने तो कुणी लिहून दिला ते सांगितलं नव्हतं.

मी गप्प बसायचा विचार केला. क्षणभर केला असं लिहिणार होते, पण साहेबांचा चहा संपेपर्यंत केला. एवढी सगळी माणसं माझी अब्रू सांभाळून बसली होती, आणि तिकडे तरुण पोरं आपसात कुजबुजायला लागली होती. एकजण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "म्हंजी उद्यापास्नं जाळं टाकायला मोकळं."

मी उठले. खुर्चीचा पाय सतरंजीत अडकला, ती आडवी झाली. "त्यांनी लिहिलं होतं," मी म्हणाले. "मी काढून टाकलं. मला वाटलं, कॉपी करतायत."



"मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत, आजी?" त्या मुलीने विचारलं.

"बंबात."

"म्हणजे?"

"जाळल्या. त्याच पाण्याने आंघोळ केली."

मागून कुणीतरी फिसकलं, मग सगळेच हसले, साहेबसुद्धा. फक्त तात्या हसले नाहीत. त्यांच्याकडे बघून मला ती यादी आठवली. मी वही मागून घेतली, मागचं पान उघडलं आणि मथळ्यासकट वाचायला लागले. मथळा वगळायची फार इच्छा होती, पण साहेब शेजारून डोकावत होते.

"'नक्कल करणारे'," मी वाचलं. "होडी तीन. नंबर अमुक. आधीची लांबी अशी, नंतर दोन बोटं वाढवून लिहिली. शेरा: लबाडी."

"आजी, थांबा," ती मुलगी म्हणाली आणि वही माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. "ही लबाडी नाही. तो मासा वाढलाय! तारीख आहे, होडी आहे, दोन्ही मापं आहेत. इतकं नीट तर मीही लिहिलं नसतं."

"बाई चोरांची यादी लई मन लावून करत्यात," माझा विद्यार्थी म्हणाला. "आमचा वर्गच साक्षी हाय."

"आता बाईंना बाकावर उभं करा," दुसरा म्हणाला.

"बाक न्हाई हितं. खुर्ची हाय, ती बी आडवी."

मी त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. साहेबांनी यादी दोनदा वाचली आणि हसू आवरून पेन काढलं. यादी होळीपाशी थांबत होती. पुढचे अडीच महिने कोरे होते, कारण माझं भाषण सगळ्यांनी मनावर घेतलं होतं. त्या दिवसांत जुना बिल्ला दिसला की ही माणसं मासा हळूच पाण्यात सोडायची आणि चिठ्ठीवर 'नाही' लिहायची. का, तर बाईंना राग येऊ नये म्हणून.

"पूर्ण नोंद असती तर पाच वर्षांसाठी शिफारस केली असती," साहेब म्हणाले. "एवढ्यावर एक वर्ष लिहितो. एक वर्ष तिथे कुणाचंच जाळं नाही, ना गावचं, ना बाहेरचं. नोंद चालू ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात परत बघू."

तरुण मंडळी बाहेर जाऊन बोलली. परत आली तेव्हा माझा विद्यार्थी पुढे होता. "तात्या, एक वर्स कळ काढतो. बाहेरचे थांबत असतील तर आमीबी थांबतो. पन एकच."

सगळे गेल्यावर मी तात्यांजवळ गेले. माफीची तीन वाक्यं मनात जुळवली होती, त्यातलं पहिलंच अर्ध्यात तुटलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "तुमी वाईट न्हाई केलं. इचारलं न्हाई, इतकंच." मग भिंतींच्या टोकांकडे बघत म्हणाले, "पाच मिळाली असती. पोरांना किती दिस धरून ठेवू मी?"

ती आडवी पडलेली खुर्ची मी सरळ करून ठेवली.

वही माझ्याकडेच राहिली, मला त्याचं नवल वाटलं. फक्त आता चिठ्ठ्या वाळवून डब्यात ठेवल्या जातात आणि डबा तात्यांच्या घरी असतो. दर शुक्रवारी ते डबा घेऊन येतात, ओसरीवर माझ्यासमोर बसतात, आणि मी लिहीत असते तोवर उठत नाहीत. चहा पुढे केला तर घेतात, पण नजर पेनावरच. त्यांना एक अक्षर वाचता येत नाही. तरी मी एखादी ओळ खोडली रे खोडली, की लगेच विचारतात, "काय खोडलं, बाई?"

आणि मी वही त्यांच्याकडे फिरवून, बोट ठेवून, काय खोडलं आणि का खोडलं ते सांगते.