सातच्या भोंग्यानंतरचा आवाज

शालन गेली हे मला कळलं ते आवाज आला नाही यावरून. चिंचवडच्या आमच्या चाळीत तिच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एका विटेची भिंत आहे. सकाळी सातचा कंपनीचा भोंगा झाला, की पलीकडे तिची मंगल मोठ्याने वाचायला लागे. सात वर्षांत हे वाचन मध्येच थांबलं, तर एकाच कारणाने. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी भोंगा झाला आणि पलीकडे काहीच नाही. मी स्टोव्ह बंद करून धावले. मंगल पुस्तक उघडून बसली होती. शुद्धीवर होती. तिचे वडील भिंतीला टेकून उभे होते.

"मावशी, आई गेली," ती म्हणाली. "बाबा आत्ताच दवाखान्यातून आले." मग तिने पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने एक ठिपका दिला आणि पुस्तक मिटलं.

त्या ठिपक्यासाठी मला मागे जायला हवं. मंगलला चौथीत असताना फिट येऊ लागल्या. दुसऱ्यांदा वर्गातच आली, तेव्हा मोठ्या बाईंनी शालनला बोलावून घेतलं. बाकीची मुलं घाबरतात, बरी झाली की पाठवा, असं म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, पण दार बंद झालं ते झालंच. शालनचं स्वतःचं शिक्षण चऱ्होलीत सातवीपर्यंत. नवरा कंपनीत टर्नर, तीन पाळ्यांत कामाला. सासूबाई गावाहून आल्या की दारात बसून टोमणे मारत. "व्हय गं, पोरीला घरात बसवून काय कलेक्टर करतीस काय?"

"न्हाई आत्याबाई, कलेक्टर कशाला? दहावी झाली तरी पुरे."

"आन् तू कवा झालीस मास्तरीन?"

"काल दुपारी," शालन म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

ते एका परीने खरंच होतं. उद्याचा धडा ती आज दुपारी स्वतः शिकायची, अडलं तर संध्याकाळी मला विचारायची. शाळेची घंटा म्हणजे भोंगा. काळजीचं सगळं बोलणं भोंग्याआधी उरकायचं, नंतर घरात तो विषय नाही. दार कधी आतून बंद होऊ नये म्हणून तिने स्वतः स्क्रू काढून कडी उतरवली होती. आणि मंगलने सगळं मोठ्याने वाचायचं, गणितसुद्धा. आवाज चालू आहे तोवर शालन चुलीपाशी. आवाज थांबला की तिच्या हातातलं भांडं खाली. मुलीला कुशीवर वळवायची, स्टूल बाजूला सारायची, शेजारी बसून राहायची. सगळं शांत झालं की जिथे वाचन तुटलं त्या ओळीपाशी पेन्सिलीचा ठिपका द्यायची. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. मंगलची जुनी पुस्तकं मी चाळली आहेत. काही पानांवर एकही ठिपका नाही, काही पानांवर तीन-तीन...

मी कंपनीच्या स्टोअर्समध्ये क्लार्क आहे. याद्या करणं हे माझं काम आणि खोडही. मंगल बाहेरून दहावीला बसणार ठरलं, त्या जानेवारीत शालन म्हणाली, "निमाताई, मला यादी करून द्या. माझ्या डोक्यात सगळा गुंता झालाय." मी बसले. फॉर्म, फोटो, डॉक्टरांचा दाखला, परीक्षेच्या खोलीत दाराजवळची जागा मिळावी म्हणून अर्ज... यादीत आठ कामं आली. मग ती म्हणाली, "काखेत एक गाठ आल्यासारखी वाटतीय. दुखत न्हाई."

"दाखवून घे," मी म्हणाले, आणि नऊ नंबरला लिहिलं: गाठ दाखवणे.

शालनला काम क्रमाने करायची सवय होती. ती सवय तिला माझ्यामुळेच लागली होती.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये मंगल गणितात नापास. वडिलांनी निकालाचा कागद जमिनीवर टाकला आणि बाहेर निघून गेले. मंगल रडत होती. शालनने कागद उचलला, पुसला.

"किती कमी पडले?"

"अकरा."

"म्हंजे चोवीस आले की. उद्या सातला बस."

ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मी नवी यादी केली. आमच्याकडे जुन्या पानावर जे राहिलं असेल ते नव्या पानावर ओढतात. मी फॉर्म ओढला, दाखला ओढला, अर्ज ओढला. नऊ नंबरही ओढला, नऊ नंबरवरच. अक्षर चांगलं आलं होतं, हेही मला आठवतं. जुलैपासून शालन डाव्या हाताने पाणी उचलत नव्हती. मी पाहिलं होतं. विचारलंही, पण सातला दोन मिनिटं असताना. भोंगा झाला आणि तिने बोट ओठावर ठेवलं.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतः म्हणाली, "चला, आता नव्वा नंबर." डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "इतके महिने काय करत होतात?" माझ्या पिशवीत यादी होती.

डिसेंबरात निकाल लागला तेव्हा ती दवाखान्यात होती. मंगलने कॉटपाशी उभं राहून सगळे गुण मोठ्याने वाचले.

"गणितात?"

"सदतीस."

"दोन जास्तच," शालन म्हणाली. थोड्या वेळाने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, यादीचं काही बोलेल. मी तयारच होते. ती म्हणाली, "भिंतीकडं कान असू द्या." एवढंच.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाई मंगलला गावाला न्यायला आल्या. ती गेली नाही. अकरावीची पुस्तकं आणली आहेत, तीही बाहेरूनच करायची म्हणते. वडिलांची पहिली पाळी असली की घरात ती एकटीच. दाराला अजून कडी नाही. मी कंपनीत सांगून अर्धा तास उशिरा जायची परवानगी घेतली आहे. त्या अर्ध्या तासानंतर काय, याची यादी मला करता आलेली नाही.

शालनची यादी मी फेकलेली नाही. डॉक्टरांकडून आल्यावर तिने ती तिच्या घरात तांदळाच्या डब्यामागच्या खिळ्याला लावली होती, तशीच आहे, नऊच्या नऊ कामांवर बरोबरची खूण. काल सकाळी भोंगा झाला. शालन गेली त्या सकाळी ठिपका दिलेलं पुस्तक मंगलने काढलं होतं, तिथूनच पुढे वाचत होती. मी भाजी चिरत होते. आवाज थांबला. सुरी टाकून मी पलीकडे गेले, दार ढकललं.

तिने वर पाहिलं.

"काही नाही मावशी," ती म्हणाली. "पान उलटत होते."