डोळे मिटून फेकलेली रिंग

शहापूरच्या बाजारात जांभळांची टोपली दिसली की ताई पदर खोचायच्या आणि हात थेट तळाला घालायच्या. थोडी वरची, थोडी मधली, थोडी अगदी खालची जांभळं तळहातावर घेऊन निरखत राहायच्या. "वरचं सगळ्यांनाच दिसतं. तळाचं दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विकणारी करवादायची, "घ्यायची तर घ्या बाई, नायतर टोपली सोडा. समदी चेचलीत तुमी!" मग ताई हसत हसत चेचलेली जांभळंही विकत घ्यायच्या.

ताई आमच्या शेजारच्या. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. पिकांची मोजमापं कॉम्प्युटरमध्ये घालून त्यातून अर्थ काढायचा, हे त्यांचं काम. आमच्या आळीत ते कोणालाच धड कळलं नव्हतं. माझी आई पाहुण्यांना खुशाल सांगायची, "ती कॉम्प्युटरवर भात पिकवते." नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी शहापुरात कॉम्प्युटर क्लास काढला, आणि दर रविवारी ताई माझ्याकडे ठाण मांडून बसू लागल्या. वीज गेली की मी शिव्या घालायचो. ताई म्हणायच्या, "बरं झालं. आता जरा विचार करू."

तेव्हा त्यांना एका जुन्या भाताने झपाटलं होतं. मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे एका पाड्यावर ते पिकायचं. पावसाने ओढ दिली तरी ते तग धरायचं. बियाण्यातल्या कुठल्या गुणामुळे, ते ताईंना शोधायचं होतं. बियाणं प्रयोगशाळेत तपासलं जाणार आणि ताई त्याचा शेतातल्या पिकाशी मेळ घालणार. त्यांची बढतीही याच कामावर अडली होती. पाड्यावरच्या चांगुणाबाईंनी कापणीच्या वेळी घरोघरच्या शेतातून नमुन्याच्या पेंढ्या गोळा करून ठेवल्या आणि माझ्या स्कूटरवरून आम्ही त्या आणल्या.

सगळे आकडे भरून झाल्यावर पडद्यावर ठिपके उमटले, एका शेताचा एक. ते एकमेकांना इतके चिकटून होते की मला वाटलं, काम फत्ते. ताईंनी मात्र मान हलवली.

"शेत इतकं शहाण्यासारखं वागत नाही रे."

पुढच्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. पेंढ्या कशा काढल्या, असं विचारताच चांगुणाबाईंचा चेहरा फुलला. "निवडून दिल्या ना! एकेक लोंबी बघून. पाहुणीला रोगट भात देऊ व्हय आमी?" भोवतीच्या बायांनी माना डोलावल्या. ताईंनी कपाळावर हात मारला आणि मग त्या अशा हसू लागल्या की खळ्यावरच बसल्या.

हसू परतीच्या वाटेवर ओसरलं. संस्थेतले साहेब म्हणाले, आहेत ते आकडे वापरा, कोण बघायला येतंय? ताईंनी मात्र स्वच्छ लिहून दिलं की यंदाचे नमुने निवडून घेतलेले, म्हणून निकामी आहेत. बढती दुसऱ्याला मिळाली. मी चांगुणाबाईंवर चिडलो, तर ताईंनी मलाच झापलं. "तिचं काय चुकलं? मी पाहुणी होऊन गेले, ते माझं चुकलं."

"आणि काम बंदच केलं संस्थेने तर?"

"तर रडेन. पण त्या ठिपक्यांवर खूश होणार नाही."

संस्थेने कुरकुरत आणखी एक हंगाम दिला. या वेळी ताई सायकलची जुनी रिंग घेऊन आल्या. शेताकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि रिंग मागे भिरकावायची. पडेल तिथलं भात कापायचं. पहिलीच रिंग किडक्या भातावर पडली आणि चांगुणाबाई आडव्या आल्या. "हितलं नको बाई, आमची लाज जाईल!"

"पडली तिथलंच," म्हणत ताईंनी विळा घेतला आणि त्या स्वतः कापू लागल्या. एकदा तर रिंग बुजगावण्याच्या गळ्यात पडली. चांगुणाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "आता याला बी कापा." त्या दिवशी हसून हसून कोणाचं काम होईना.

नवे ठिपके पडदाभर विखुरले. "बघ, आता कसं शेतासारखं दिसतंय!" ताई टाळ्या पिटत म्हणाल्या. त्या पसाऱ्यातूनच त्यांना हवा तो गुण सापडला. काम मान्य झालं, बढतीही मिळाली, पण ती हैदराबादला. बढती मिळाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण ताई जाणार, म्हणून तो अजिबात झाला नाही.

निघायच्या दिवशी चांगुणाबाई एसटीने शहापूरला आल्या. दारात टेम्पो उभा होता. त्यांनी नव्या तांदळाची पिशवी ताईंपुढे धरली.

"बाई, समद्या घरांतून मूठ मूठ घेतलीय. डोळं मिटून. किडका बी आसंल, तुटका बी आसंल. निवडला नाय."

ताईंनी पिशवीचं तोंड उघडलं. आता हात तळाला जाणार, म्हणून मी बघत राहिलो. ताईंनी नुसता तांदळाचा वास घेतला, तोंड घट्ट बांधलं आणि त्या पिशवी मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसल्या.