हुतूतूचे मास्तर

"बाद झालंस तरी खाली बघू नको रे!" मैदानाच्या कडेला उकिडवे बसलेले आमचे ड्रिलमास्तर ओरडायचे आणि त्या ओरडण्यानंही दमल्यासारखे डोळे मिटून घ्यायचे.

मालवणच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो, ते कवायत. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या वाळूत ते पोरांना हुतूतू शिकवत. मे महिन्यात सामने भरत, तेव्हा सुट्टीला गावी आलेले मुंबईच्या कॉलेजांचे क्रीडाशिक्षक तिथं खेळाडू हेरत. निवड झाली की फी माफ, वसतिगृहात जागा. एरवी रापणीवर मासळीची जाळी ओढायला जाणाऱ्यांच्या मुलांना कॉलेज कुठलं?

"पकड सगळेच करतत," मास्तर सांगत. "बाद झाल्यार तू कसो चलतस, पंचाक काय बोलतस, ता ते बघतत. आणि नापासाक कोण घेवचो नाय." मग घामेजलेली पोरं माझ्याकडे इंग्रजीला धाडत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तयार केलेला प्रत्येक जण निघून जातो आणि यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गावाला सामन्यांची ढाल कधी मिळालीच नाही.

एका वर्षी ती मिळणार होती. जुझे नावाचा आमचा चढाईपटू कुणाला आवरत नव्हता. उपांत्य सामना संपताच एक क्रीडाशिक्षक त्याला म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर बोटीनं चल. परवा कॉलेजात निवड आहे."

पावसाळ्याआधीची ती शेवटची बोट. आणि अंतिम सामना उद्या संध्याकाळी!

गावकरी मास्तरांच्या घरापुढच्या खळ्यात जमले. त्याला थांबवा म्हणाले. जुझेही कावराबावरा झाला. "मास्तर, मी रवतंय. ढाल जिकूया."

"ढाल हयच रवतली," मास्तर म्हणाले. "बोट रवाची नाय."

सकाळी जुझेची ट्रंक त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून धक्क्यापर्यंत नेली. संध्याकाळी आम्ही हरलो. "मास्तरान गावाचो घात केल्यान," असं लोक त्यांच्या तोंडावर बोलले. परतताना मास्तर मला एवढंच म्हणाले, "थकलंय हो. दर वर्षी बरा वाटता, आणि दर वर्षी घर रिकामा झाल्यासारखा वाटता."

जुझेची निवड झाली. तो शिकला, मुंबईतच नोकरीला लागला.

मास्तर गेले त्या पावसाळ्याच्या आधी तो रजेवर आला होता. मी त्याला त्यांच्याकडे घेऊन गेलो. मास्तरांची नजर गेली होती, आठवणीही एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यांनी चाचपत त्याची पोटरी दाबून पाहिली.

"बरी आसा. खंयच्या कॉलेजाक आसस?"

जुझेनं माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या जुन्या कॉलेजचं नाव सांगितलं.

"अभ्यास करतस मा?"

"करतंय, मास्तर."

मास्तर कुशीवर वळले. जुझे बराच वेळ त्यांचे पाय चेपत बसला.