भाकरीचं गाणं खाली कुणी नेलं

बायको गेली. कपाट तिचं मी कुणाला आवरू दिलं नाही, तर कुणीतरी तिची गाणीच हलवली. विचारलं नाही, सांगितलं नाही. सकाळी तिचा मोबाईल उघडला तर गाण्यांचं ॲप आपोआप नवीन झालेलं, निळ्याचं पांढरं. बटण दाबलं तर लागलं ते गाणं मी घरात कधी ऐकलेलंच नाही.

बायकोला वाचता येत नव्हतं. स्टेशनबाहेरच्या मोबाईलवाल्याकडून तिनं कार्डात गाणी भरून आणली आणि मुलाच्या मानगुटीवर बसून ती एकेक वरखाली करून लावून घेतली. नाव नाही, फोटो नाही, नुसता क्रम. गॅसपाशी उभी राहिली की पहिलं लावायची, मग मोबाईलला हात नाही. भीमगीतावर चहा. पुढच्या दोन गाण्यांवर पीठ. भाकरीचं गाणं ठसक्याचं. थापायला बरं पडतं, म्हणायची. गाणं संपलं आणि शेवटची भाकरी तव्यावर नसली तर स्वतःलाच शिव्या. मग डब्याचं गाणं, आणि ते वाजता वाजता मी डबा घेऊन कामाला बाहेर. ती गेल्यावरही मी रोज लावायचो. करायचो काही नाही, बसून ऐकायचो. डब्याचं संपलं की सवयीनं बंद.

आता सगळी गाणी बाराखडीच्या ओळीत उभी. भाकरीचं पार तळाला.

सून माझी पवईला याच ॲपच्या कंपनीत आहे. सासूच्या मोबाईलमध्ये तिनंच ते घातलेलं. लोक चिडून लिहितात, आमचं जुनं परत द्या, आणि ही त्यांना बदल का केला ते गोड बोलून समजावते. त्याचाच पगार. संध्याकाळी आली तशी मी दारातच धरली.

"काय गं, तुमच्या लोकांना दुसरे धंदे नाहीत?"

"बाबा, चप्पल तरी काढू द्या."

"क्रम कुठंय तिचा?"

"स्वतः क्रम लावणारे फार थोडे असतात, बाबा. म्हणून सोपं केलं."

"कुणाला सोपं?"

"नवीन येणाऱ्याला."

"आणि जुन्यानं काय, जिन्यात बसायचं?"

"दिवसभर हेच ऐकून आलेय. तुम्ही निदान मराठीत ओरडताय."

मी जन्मभर रंगकाम केलं. दुसऱ्याच्या घरात शिरलो की सामान मधोमध ओढायचं, वर कापड टाकायचं, आणि काम झालं की जिथलं तिथं. घरातल्या बाईनं अंधारात हात घातला तरी मिठाचा डबा लागला पाहिजे. हे मी सुनेला सुनावलं. ती गप्प बसणारी नाही.

"तुम्ही भिंत रंगवता. आम्ही भिंतच पाडली. आतलं सगळं नव्यानं बांधलं, त्यात जुना क्रम उचलून आणायचं काम कुणी केलं नाही. खरं कारण हे. लोकांना लिहिते ते दुसरं."

राग गेला नाही. पण माझ्याशी खोटं बोलली नाही, हे बरं वाटलं.

"म्हणजे गेला?"

"गेला. तुम्हाला आठवत असेल तर नवीन यादी करू."

आठवणार कसा? कानाला ओळख होती, तोंडाला नाव नव्हतं. रविवारी सकाळी मीच ओट्यापाशी उभा राहिलो. सुनेला म्हटलं, तू वाजव, मी करतो. चहा उकळायला आला तसं पहिलं सापडलं. पिठात हात घातला तशी पुढची दोन. भाकरी थापताना ती वाजवत गेली, हे? नाही. हे? नाही. मग ठसक्याचं आलं आणि माझे हात आपोआप त्या चालीवर पडायला लागले. भाकरी मात्र तव्यावर टाकताना फाटली.

सून हसली. "आई असत्या तर तुम्हाला ओट्याजवळ फिरकू दिलं नसतं."

"असती तर कशाला फिरकलो असतो?"

तिनं पुढचं लावलं.

डब्याचं गाणं लागलं आणि तरी काही गाणी उरली. त्यात ते अनोळखीही होतं. मी कामाला गेल्यावर बायको ही गाणी ऐकत असणार. काय करत ऐकायची, मला माहीत नाही.

"ही काढून टाकू?" सुनेनं विचारलं.

"खबरदार. डब्याच्या मागे ठेव सगळी."

ठेवली. तर ॲप म्हणे, यादीला नाव द्या.

"तिनं दिलं नव्हतं."

"नावाशिवाय यादी राहत नाही, बाबा. का राहत नाही तेही मीच लोकांना समजावते. ऐकायचंय?"

"नको. आण इकडे."

शाळा माझी चौथीपर्यंत. पण ओला रंग सोडून निघताना दारावर खडूनं एक ओळ मी आयुष्यभर लिहिली, तेवढी चुकत नाही. पिठाच्या बोटानं एकेक अक्षर दाबलं. हात लावू नये.

सुनेनं वाचलं. स्क्रीनवरचं पीठ ओढणीनं पुसलं.

"आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळं बदललं तर?"

"बदलू देत. पुन्हा भाकऱ्या करीन."