शिवकन्याच्या फेऱ्या

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शिवकन्या खरातचा हात माहीत नाही असा एक माणूस काढून दाखवा. तिचा बाप भिवा तिथं हमाली करतो. पोरगी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एका अडत्याच्या मुनिमानं भिवाला सगळ्यांदेखत आईवरून शिवी घातली. भिवा मान खाली घालून पुढचं पोतं उचलायला वाकला. पोरगी बापाचा डबा घेऊन आली होती, ती काही वाकली नाही. काट्याजवळचं लोखंडी वजन तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि मुनिमाच्या गुडघ्यावर घातलं. तो गडी आजही लंगडतो. त्या संध्याकाळी भिवानं तिला पट्ट्यानं फोडून काढलं, आणि मारून मारून दमल्यावर तोच उंबऱ्यात बसून हमसाहमशी रडला.

पुढं पोरगी जालन्याला डिप्लोमाला आली, मेकॅनिकलला. सुंभ जळला तरी पीळ जातोय होय? वर्कशॉपमधला एक शहाणा तिला ‘फुकटच्या सीटवाली’ म्हणाला. वाक्य पुरतं व्हायच्या आत त्याचा पुढचा दात फरशीवर होता. पाठक सरांनी तिला खोलीत बोलावलं. हे सर कॉलेजची विजेवर चालणारी गाडी बनवून घेत होते, पोरांनी स्वतःच्या हातानं केलेल्या गाड्यांच्या शर्यतीसाठी. शिवकन्या त्या टीममध्ये होती.

“आणखी एक तक्रार आली की गाडी विसरायची,” सर म्हणाले. “कळलं?”

“बराबर हाय, सर,” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून हात खिशात घालून हिंडायला लागली.

कारण तिला ती गाडी चालवायची होती. बक्षीस नको, पेपरात फोटो नको. गंधाली नावाच्या मैत्रिणीला सोबत घेऊन तिनं त्या गाडीच्या सांगाड्याचा एकेक पाइप वाकवला होता, जोडला होता, ठिणग्यांनी दोन्ही हात भाजून घेतले होते. शर्यतीचा नियम असा, की दोन चालक पाहिजेत. पहिला अर्ध्यात गाडी सोडणार, दुसऱ्यानं निदान पाच फेऱ्या मारायच्याच. नाही मारल्या तर पहिल्याच्याही फेऱ्या पाण्यात. पहिला अद्वैत, दुसरी शिवकन्या. या पाच फेऱ्यांसाठी वर्षभर तिनं दात-ओठ खाल्ले, पण कुणाला बोट लावलं नाही.

अद्वैत जालन्यातल्याच मस्तगडचा. म्हणजे अगदी गरीब गाय. त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर हाच सॉरी म्हणणार. त्याची आई शर्यतीच्या दिवशीसुद्धा त्याला रुमाल घेतलास का विचारत होती.

जालन्याच्या बाहेर मोकळ्या मैदानावर टायर रचून रस्ता आखला होता. शर्यत सुटली आणि अद्वैत चांगला पुढं निघाला. मागं एक लाल गाडी लागली, बाहेरच्या जिल्ह्यातली. पहिल्या वळणावर तिनं अद्वैतला मागून ठोकलं. चुकून झालं असेल, असं सगळे म्हणाले. पुढच्या वळणावर परत ठोकलं. तिसऱ्यांदा कुशीतच घुसली आणि अद्वैतची गाडी टायरांच्या भिंतीत फेकली. त्याचं डोकं पाइपावर आपटलं, हेल्मेटची काच फुटून भुवईत गेली. लाल गाडीवाल्यानं मागं वळून अंगठा दाखवला आणि हसला.

अद्वैत भिंतीतून बाहेर निघाला तो वेगळाच माणूस होऊन. त्यानं शर्यत सोडली आणि लाल गाडी धरली. तिला मागून हाणली, बाजूनं हाणली. पत्रा सोलून निघाला, तुकडे उडायला लागले. गंधालीनं शिवकन्याच्या नावाची पाटी वर धरली, म्हणजे आता आत ये, बदल कर. अद्वैत पाटीसमोरून तसाच गेला. पुढच्या फेरीला परत तसाच. त्याच्या गळ्यापर्यंत रक्त उतरलं होतं आणि फुटक्या काचेतून एक डोळा नुसता लालभडक दिसत होता.

“थकला की येईल आत,” पाठक सर म्हणाले.

“न्हाई येणार, सर,” शिवकन्या म्हणाली. “त्याला आता काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं.”

तिला माहीत होतं. डोळ्यांत रक्त उतरलं की आवाज बंद होतात, माणसं पुसली जातात, समोरचं एक थोबाड तेवढं उरतं. हे तिच्या घरचंच होतं. बॅटरी उतरत होती, वेळ चालला होता, आणि तिच्या पाच फेऱ्या तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या भांडणात जळत होत्या.

तिनं दोरी ओलांडली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गंधाली किंचाळली. अद्वैत वळणातून आला. शिवकन्या हलली नाही. त्यानं ब्रेक दाबला, पण उशिरा. गाडीचं नाक तिच्या नडगीवर बसलं आणि चाक उजव्या पावलावर चढलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. पडता पडता तिनं सांगाड्याचा पाइप धरला, अद्वैतचा पट्टा सोडला आणि त्याला मानगुटीला धरून बाहेर ओढला. तो हातपाय झाडत होता.

“सोड मला. मारून टाकतो त्याला. जिवंत सोडत नाही आज,” तो ओरडत होता.

तिचा हात वर गेला. सगळ्या कॉलेजला वाटलं, आता याचे दात घशात जाणार. तिनं तो हात खाली आणून खिशात कोंबला.

“मार ना मंग,” ती म्हणाली. “पण गाडीतून उतरून मार. आता माझा नंबर हाय.”

पंचांनी दंड म्हणून वेळ कापला आणि टीमच्या पोरांनी गाडी ढकलत बदलाच्या जागेवर नेली. डॉक्टरांनी पायाचं विचारलं. “बिलकुल बराबर हाय,” म्हणून तिनं बुटाची नाडी जिवाच्या आकांतानं आवळली आणि आत बसली.

पहिली फेरी तिला जन्मभर पुरेल. वेगाचं पॅडल उजव्या पायाखाली, त्यामुळं प्रत्येक दाबाला डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तरी ती हेल्मेटच्या आत हसत होती. कुठला पाइप कुठं करकरतो ते तिला अंगाखाली कळत होतं. आपण केलेली वस्तू आपल्याला घेऊन पळते, याहून मोठं सुख तिला अजून भेटलेलं नाही.

मग लाल गाडी आली. तिच्यातही आता दुसरा चालक होता, पण शिकवण तीच. त्यानं मागून हाणलं. तिची मान मागं आपटली. त्यानं शेजारी गाडी आणून हातानं असा घाणेरडा इशारा केला, की मी इथं सांगणार नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज बंद झाले. समोर टायरांची भिंत, मध्ये तो. पूर्ण वेगानं गाडी त्याच्या कुशीत घातली असती तर गडी गाडीसकट चेपला असता. तिनं पॅडल पार खाली दाबायला जोर लावला.

आतापर्यंत कसाबसा चाललेला पाय पुऱ्या जोरानं दाबलाच जाईना. मोडकं पाऊल पॅडलवरून नुसतं घसरायचं. तिनं परत दाबलं, पायाला शिव्या दिल्या, स्वतःच्या मांडीवर बुक्क्या घातल्या. डावा पाय आणायला बघितला, पण मध्ये स्टीअरिंगचा दांडा होता. लाल गाडी हसत निघून गेली. शिवकन्या ढसाढसा रडत, बैलगाडीच्या चालीनं, आपल्या पाच फेऱ्या पुऱ्या करून आली. टीमचा नंबर मधलाच कुठलातरी लागला, पण सगळ्या फेऱ्या धरल्या गेल्या.

संध्याकाळी बक्षिसं वाटली, आणि शेवटी खिलाडूवृत्तीची ढाल शिवकन्या खरातला. एवढी चिथावणी देऊनही या मुलीनं संयम सोडला नाही, असं पंच माइकवर म्हणाले. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. पाठक सरांचे डोळे भरून आले होते. एका बाजूनं गंधालीच्या आणि दुसऱ्या बाजूनं अद्वैतच्या खांद्यावर हात टाकून ती एका पायावर लंगडत वर गेली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दवाखान्यात पाय बांधून झाल्यावर तिनं बापाला फोन लावला.

“कोणाला मारलं तं न्हाई ना?” भिवानं पहिलं हेच विचारलं.

“न्हाई. ढाल दिली मला.”

“कशाची?”

“न मारल्याची.”

मग तिनं सगळं सांगून टाकलं. “खोटं हाय ते, बाबा. मी त्याला मारणारच होते. जिवानिशी. पाय मोडला होता म्हणून राह्यलं. आता कोणाला सांगू मी हे?”

“मला सांगितलं ना,” भिवा म्हणाला. “मंग त्या पायाला जल्दी बरं नको होऊ देऊ, शिवे.”

आणि अंगावरचे हमालीचे कपडे तसेच ठेवून, मिळेल त्या गाडीनं तो तिला आणायला निघाला.