पाणी पिऊन गेलेली बाई

पोलीस शिपायांच्या प्रशिक्षणात मी एका बाईचं उदाहरण देतो. ती गोष्ट मी अर्धीच सांगतो, हे आजवर कुणालाच बोललेलो नाही, बायकोलासुद्धा.

घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये आम्हा अधिकाऱ्यांना संवादकौशल्य शिकवलं होतं. कुणी चिडून आलं की आधी स्वतःचा श्वास सावकाश करायचा, आवाज खाली आणायचा, समोरच्याचे शब्द त्यालाच परत म्हणून दाखवायचे, पाणी द्यायचं. मला ते लगेच जमलं. त्याआधी मी खेकसायचो, टेबलावर काठी आपटायचो. न ओरडताही माणूस परत पाठवता येतो, हे त्या दिवशी कळलं. जेवणानंतरचं सत्र होतं ऐकून घेतल्यावर पुढे काय करायचं यावर. पुढे ट्रॅफिक लागेल म्हणून मी बंदोबस्ताचं निमित्त सांगून निघालो.

पोलीस ठाण्यात माझं नाव पडलं फ्रीज. कुणी आरडाओरडा करत आलं की हवालदार म्हणायचा, "साहेब, गरम माल आलाय." तक्रारी कमी झाल्या. वरिष्ठ खूश.

ती दुपारी आली. खाडीकाठच्या गावातली, मासे विकणारी कोळीण. लेक दिवा गावात लग्न करून दिलेली.

"साएब, माजी पोर कालपासना फोन उचलीत नाय. नवरा मारतो तिला. सासू बोलते झोपलीय. एवढी झोपते का कुणी? एक पोलीस द्या माझ्यासंगती, दार उघडायला."

आवाज सगळीकडे घुमत होता. बाजारात गिऱ्हाईक बोलावून कमावलेला आवाज. घरी जेवायला वाढतानाही तो तसाच निघत असणार. मी तो राग समजलो.

"मावशी, बसा. लेक फोन उचलत नाही, म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय."

"काळजी नाय साएब, मारतो तो!"

"तो मारेल, अशी भीती वाटतेय."

दर वेळी तिचं वाक्य थोडं बारीक करून मी परत देत गेलो. माराची भीती झाली, भीतीची काळजी, आणि शेवटी आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटू लागलं. "नवरा-बायकोत होतं मावशी. उद्या सकाळी सासूला परत फोन लावा."

ती पाणी प्यायली. ग्लास पदराने पुसून ठेवला. "चांगलं बोललात साएब. नायतर आमच्याशी कोण बोलतं असं?"

ती फाटकाबाहेर पडली आणि हवालदार म्हणाला, "मासळी फ्रीजमध्येच टिकते, साहेब." मी हसलो. पोटभर हसलो.

वर्गात गोष्ट इथे संपते. पोरं टाळ्या वाजवतात.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी लेकीच्या घराचं दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, मारहाणीत आदल्या रात्री जीव गेला. म्हणजे आई माझ्यासमोर पाणी पीत होती तेव्हा मुलगी जिवंत होती.

आई पुन्हा आली. समोर बसली आणि माझ्याच आवाजात बोलली, सावकाश, एकेक शब्द. "साएब, आज मी ओरडत नाय. आज तरी लिवून घ्या."

लिहून घेतलं. आदल्या दिवसाचा उल्लेख मी टाळला, आणि आपण आधी आलो होतो हेही लिहा म्हणून सांगायचं त्या अवस्थेत तिला सुचलं नाही.

खटल्यात आरोपीच्या वकिलाने मला विचारलं, "मुलगी जिवंत असताना या बाईंनी कधी तक्रार केली होती?"

मी श्वास सावकाश केला. "तशी नोंद नाही."

ती मागच्या बाकावर बसली होती. तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. शांत राहायचं मीच शिकवलं होतं.

खटला अजून चालू आहे. ती आदल्या दुपारी आली होती, तिने एक पोलीस मागितला होता आणि मी दिला नाही, एवढं कोर्टात उभं राहून मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.