काचेवरचा चहाचा थेंब

चहा बशीत ओतताना एक थेंब टेबलाच्या काचेवर सांडला. "अहो, आधी पुसा तो," बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. तिला न बघता कसं कळतं कोण जाणे. मी पुसला नाही, बघत बसलो. थेंब वाळत होता, पण आकसत नव्हता. त्याची कडा काचेला घट्ट धरून बसली होती. पाणी कडेकडूनच भराभर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना चहाचा बारीक गाळ सोबत नेतं. शेवटी मध्ये जवळजवळ काही नाही, कडेला मात्र गडद रेघ.

संध्याकाळी सोसायटीच्या सभेत पुन्हा तोच थेंब दिसला. अध्यक्ष पाण्याच्या टाकीवर बोलत होते. दाराकडचा एकजण मोबाईल कानाला लावून सटकला की मधला कोणीतरी हळूच सरकून त्याच्या खुर्चीवर यायचा, आणि थोड्या वेळाने तोही गुल! ही गंमत बघण्यात मी इतका रमलो, की अध्यक्षांनी "टाकी कोण धुणार?" असं विचारलं तेव्हा नकळत सरकत सरकत दारापाशी आलेला मी गाळासारखा एकटाच उरलो होतो. ठराव एकमताने मंजूर झाला.

घरी आलो तर बायको काचेपाशी उभी. "ओला होता तेव्हा पुसला असतात, तर एका फटक्यात निघाला असता. आता बसा घासत."

"घासतो," मी म्हणालो. "नाहीतरी उद्या टाकी घासायचीच आहे."